मास्तरांची वही लिलीपॉन्डमधे उतरवताना : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

उपासना झाल्यावर कपाटातून आमच्या क्वायरच्या जुन्या मास्तरांची वही काढली, दोन वर्षांनी हात लागला तिला. लांबट रजिस्टर आहे, त्यात बावीस चाली चार आवाजात पाच रेघांवर हाताने उतरवलेल्या, वरच्या पट्टीत सोप्रानो आल्टो (बायकांचा उंच आणि खालचा आवाज), खालच्या पट्टीत टेनर बास (पुरुषांचा उंच आणि खालचा), आणि बासच्या खाली पेन्सिलीने रोमन आकडे. स्वर शाईत आहेत ते टिकलेत पण पेन्सिल उडत चालली, आणि कडेला वाळवीने खायला सुरुवात केलीय. चाली काय, विलायती पुस्तकात कुठंही सापडतील, पण खालचे आकडे मास्तरांनी प्रत्येक चाल पायपेटीवर वाजवून, कोणता कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गट) कुठून आला आणि कुठं चाललाय ते ऐकून लिहिलेत, ते गेले की गेले.

इकडे अशा चाली जुन्याच आहेत. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, ते स्कॉटलंडच्या मिशनमधले, म्हणून की काय आमच्या आजीच्या तोंडीसुद्धा स्तोत्रांच्या विलायती चाली असायच्या आणि त्याच्या शेजारीच रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. भजन पेटी तबल्यावर एका आवाजात होतं, त्याला कॉर्डचं काही लागत नाही. स्तोत्राला चार आवाज लागतात आणि आता क्वायरमधे चार आवाज धरणारे मोजून सहा जण राहिलेत, बाकी पोरं सगळी सोप्रानोच्या मागं धावतात.

ठरवलं की वही कॉम्प्युटरवर उतरवायची, आकड्यांसकट. रोज रात्री एक तास, पहिल्या रविवारी डिसेंबरच्या म्हणजे आगमनकाळ (नाताळच्या आधीचे आठवडे) सुरू होतो तोवर निदान चार चाली हातात पाहिजेत.

९ ऑक्टोबर, बुधवार

लिलीपॉन्ड टाकलं, स्वरलिपी छापायचा प्रोग्रॅम, आवृत्ती २.२४, सोबत लिहायला फ्रेस्कोबाल्डी. दोन्ही फुकट आणि माझा जुना लॅपटॉप ते आरामात ओढतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात माउसने स्वर ओढून ठेवायचे नसतात, साध्या मजकुरात अक्षरं लिहायची, सी म्हणजे सी, पुढे ४ लिहिला की पाव स्वर, २ लिहिला की अर्धा, आणि मग प्रोग्रॅम चालवला की छापील पानाची पीडीएफ तयार होते. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच माणसांनी १९९६ मधे हे सुरू केलं, जुन्या हाताने कोरलेल्या छपाईसारखं पान दिसावं म्हणून. आणि खरंच दिसतं, पहिलं पान उघडलं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं.

मजकूर असण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा हा वाटतो की आकड्यांची ओळ वेगळी ठेवता येते. सोप्रानो एका नावाखाली, बास दुसऱ्या नावाखाली, आकडे तिसऱ्या, आणि शेवटी स्कोअर नावाच्या चौकटीत कोण कुणाच्या खाली ते सांगायचं. आकड्यांशिवायचं पान मंडळीसाठी आणि आकड्यांचं क्वायरसाठी, एकाच फाइलमधून निघतं.

सुरुवात ओल्ड हंड्रेड्थपासून केली, १५५१ च्या जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहातली चाल, सगळ्यांना तोंडपाठ. मास्तरांनी जी मेजरमधे लिहिलीय, म्हणजे आपली पांढरी पाच. चारही आवाज दीड तासात टाइप झाले. दर मापाच्या शेवटी उभी दांडी टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेतली, मात्रा कमीजास्त झाली की प्रोग्रॅम तिथंच ओरडतो.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज आकडे. रोमन आकड्यांसाठी लिलीपॉन्डमधे वेगळी सोय नाही, सगळे लोक ते गाण्याच्या शब्दांच्या ओळीत बसवतात. म्हणजे लिरिक्स नावाची ओळ बासच्या पट्टीखाली ठेवायची, शब्दाच्या जागी रोमन आकडा आणि पुढे मात्रा. पहिली ओळ लगेच झाली. एक, एक, पाच, सहा, तीन, सहा, पाच, एक. मेजर म्हणजे उजळ वाटणाऱ्या कॉर्डला मोठं अक्षर आणि मायनर म्हणजे उदास वाटणाऱ्याला छोटं, ही पद्धत दोनशे वर्षांपूर्वी गॉटफ्रीड वेबरने रूढ केली आणि अजून तीच चालते.

मग शेवटच्या ओळीला घोळ झाला आणि त्यात अडीच तास गेले. तिथं मास्तरांच्या वहीत रोमन पाच आणि त्याला लागून ६ वर ४ खाली असं आहे. मी सरळ व्ही अक्षराला लागून ६४ लिहिलं. एरर काही नाही, प्रोग्रॅमने पीडीएफ दिली, पण पानावर ६४ दिसेचना आणि पुढचे सगळे आकडे सरकून शेवटचा एक चक्क पाचच्या बुडाला येऊन चिकटला. मी आधी बासचे स्वर तपासले, मग माप तपासलं, मग लाईट गेली.

लाईट आल्यावर कळलं. शब्दांच्या ओळीत अक्षराला लागून आकडा आला की लिलीपॉन्ड त्याला मात्रा समजतं. व्ही ६४ म्हणजे त्याच्या लेखी व्ही नावाचा शब्द, चौसष्टाव्या भागाच्या स्वराएवढा. ६४ ही मात्रा असू शकते म्हणून ते गप्प बसलं. तेच मी व्ही ६५ लिहिलं असतं तर लगेच ओरडलं असतं की ६५ ही मात्रा नाही. व्ही २ लिहिलं तरी गप्प, कारण २ म्हणजे अर्धा स्वर. म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असे दुप्पट दुप्पट होत जाणारे आकडे तेच फसवतात. उपाय सोपा आहे, आकडा अवतरण चिन्हात टाकायचा किंवा मार्कअपमधे (मजकूर सजवायच्या आज्ञेत), आणि मात्रा त्याच्या बाहेर. आणि आकड्यांच्या ओळीतसुद्धा उभ्या दांड्या टाकायच्या, त्या मी फक्त स्वरांच्या ओळीत टाकल्या होत्या, आकड्यांत टाकल्या असत्या तर दोन मिनिटांत सापडलं असतं. जो कुणी हे करायला बसेल त्याने दुसरं काही लक्षात नाही ठेवलं तरी चालेल, हे ठेवावं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

६ वर ४ खाली, हे एकावर एक छोट्या अक्षरात आणायचं. मार्कअपमधे कॉलम नावाची आज्ञा आहे ती एकाखाली एक रचते, फॉन्टसाइज वजा चार केलं, दोन ओळींतलं अंतर बेसलाइन-स्किपने १.२ वर आणलं, थोडं वर उचललं. आणि हे सगळं कॉन्कॅटमधे गुंडाळावं लागतं, नाहीतर रोमन आकडा आणि त्याचे छोटे आकडे यांच्यामधे शब्दांसारखी मोकळी जागा पडते आणि ते दोन वेगळे कॉर्ड वाटतात. एकदा नाव देऊन ठेवलं की पुन्हा लिहावं लागत नाही.

दुसरी अडचण अशी की शब्द स्वराच्या मधोमध बसतो, तर छोटे आकडे लागले की सगळं मिळून मधोमध जातं आणि मोठं अक्षर डावीकडं ढकललं जातं. वाचणाऱ्याची नजर मोठ्या अक्षरावर असते, ते बासच्या स्वराच्या बरोब्बर खालीच पाहिजे. लिरिक-टेक्स्टचं सेल्फ-अलाइनमेंट-एक्स बदलून डावी कड धरली, आता सगळी मोठी अक्षरं स्वरांच्या खाली एका शिस्तीत उभी आहेत. नुसतं तेवढं पान पाच मिनिटं बघत बसले.

२० ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर काही नाही. मोंढ्यात सोयाबीन सुरू झालंय, आडतीवर रात्री नऊपर्यंत पट्ट्या लिहायच्या, घरी आल्यावर डोळे उघडे राहत नाहीत. फक्त दुसरी चाल अर्धी टाइप केली.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहिल्या चालीची छापील पानं वाटली. चौदा जण होते. पान सगळ्यांना आवडलं, पण आकड्यांकडं कुणी बघंना. आल्टोतल्या मावशी म्हणल्या, "छान केलंस गं, पण हे खालचं इंग्रजी कशाला?" टेनरमधला अकरावीचा पोरगा म्हणला, "ताई, हे सहावं म्हणजे सहावं कडवं का?" तो चांगला हुशार आहे, पेटी वाजवतो, कुठल्याही पट्टीत भजन धरतो.

मी फळ्यावर समजावलं, सा पासून मोजायचं, पाचवा स्वर म्हणजे प, त्याच्यावर उभा केलेला कॉर्ड म्हणजे रोमन पाच. त्याने मान डोलावली आणि लगेच विचारलं, "मग प च का लिहीत नाही?"

रिक्षात बसले तरी तेच डोक्यात. माझ्याकडं त्याला उत्तर नव्हतं. रोमन आकडा काय सांगतो, तर कॉर्ड कोणत्या पायरीवर उभाय. आपल्याकडं पायऱ्यांना नावं आहेत आणि ती नावं नुसती नावं नाहीत, या पोरांनी पाचवीपासून प म्हणलाय, प ऐकलं की त्यांचा गळा आपोआप तिथं जातो. रोमन पाच बघून कुणाचा गळा कुठंच जात नाही. मास्तर इंग्रजी पुस्तकांतून शिकले म्हणून त्यांना ते आकडे ऐकू यायचे.

पहिली ओळ कागदाच्या मागं लिहून बघितली. वर चाल, सा सा नि ध प सा रे ग. खाली कॉर्ड, सा सा प ध ग ध प सा. एकाखाली एक दोन सरगमी. नुसतं वाचलं तरी वाजतं.

३० ऑक्टोबर, बुधवार

वाटलं होतं की शोधा आणि बदला करून दहा मिनिटांत होईल. नाही झालं. रोमनमधे मोठं व्ही म्हणजे मेजर, छोटं व्ही म्हणजे मायनर. देवनागरीत मोठं छोटं अक्षरच नाही. ध लिहिला तर तो ध वरचा मेजर की मायनर कसं कळणार?

आधी वाटलं मायनरच्या खाली रेघ मारू. पण भातखंडे लिपीत खालची रेघ म्हणजे कोमल, ध खाली रेघ बघितली की पेटीवाला पोरगा कोमल ध वाजवणार. खाली टिंब? ते मंद्र सप्तक. वर टिंब? तार सप्तक. वर उभी रेघ तर तीव्र म ची. आपल्या लिपीने चारी बाजूच्या जागा आधीच घेऊन ठेवल्यात आणि त्या नीट विचार करून घेतल्यात, तिथं आपलं काहीतरी घुसवणं मला पटंना. जाड आणि बारीक अक्षर करून बघितलं, झेरॉक्समधे फरक राहत नाही. तिरपं अक्षर देवनागरीत डोळ्याला बोचतं.

शेवटी चौकट. मायनर कॉर्डचा स्वर बारीक चौकटीत, मेजर मोकळा. बॉक्स नावाची आज्ञा आहेच. डिमिनिशला, म्हणजे मायनरहूनही आवळलेल्या कॉर्डला, अक्षराच्या खांद्यावर छोटं वर्तुळ, जसं रोमनला लावतात तसंच, ते कशाशी भांडत नाही. आता पहिली ओळ अशी वाचायची, सा, सा, प, चौकटीतला ध, चौकटीतला ग, चौकटीतला ध, प, सा. मधे तीन चौकटी सलग येतात आणि तिथंच चाल थोडी उदास होऊन परत उजेडात येते, ते पानावर दिसतं आता. रोमनमधे मला हे कधी दिसलं नव्हतं.

बास जर मूळ स्वरावर नसेल, म्हणजे पहिला पलटा असेल, तर मोठ्या अक्षराखाली बासचा स्वर छोटा. प च्या खाली छोटा नि, म्हणजे कॉर्ड प चा आणि बास नि वर. आकड्याचा ६ काढून टाकला, बासवाल्याला त्याचा स्वरच सांगितलेला बरा.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. भाऊ पाच वाजता गेला, मग मास्तरांना पुण्याला फोन लावला. ते आता मुलाकडं असतात. ऐकायला कमी येतं पण आवाज तोच. सरगमीचं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणले, "पोरी, मला माझ्या मास्तरांनी जसं दिलं तसं मी उतरवलं. तुला पोरांना जसं द्यायचंय तसं दे. पण शेवटची ओळ नीट बघ."

शेवटची ओळ म्हणजे प ग सा रे म ग रे सा. त्यातल्या शेवटच्या चार स्वरांचं भांडण आहे. वर ग आहे तिथं खाली बास प वर, मधे सा. म्हणजे स्वर मोजले तर सा ग प, सा चाच कॉर्ड, फक्त प खाली. पुष्कळ पुस्तकं तिथं रोमन एक लिहून ६ आणि ४ लावतात. मास्तरांनी रोमन पाच लिहून ६, ४ लावलेत आणि पुढच्या मात्रेला ५, ३. मला वाटायचं ही त्यांची लिहायची चूक असेल, मी ती दुरुस्त करणार होते.

फोनवर त्यांनी मला पायपेटीजवळ बसवलं, म्हणले डाव्या हाताने प धर आणि सोडू नको, उजव्याने आधी सा ग वाजव मग नि रे. वाजवलं. "आता सांग, पहिल्या मात्रेला घरी आल्यासारखं वाटलं का?" नाही वाटलं. प खाली असताना तो सा घरचा सा नाहीच, तो नि कडं उतरायला टेकलेला असतो, आणि ग रे कडं. दोन मात्रा मिळून एकच प आहे, वरचे दोन आवाज तेवढे उशिरा पोचतात. बासच्या प पासून मोजलेला सहावा पाचव्यावर उतरतो, चौथा तिसऱ्यावर, म्हणून ६-५ आणि ४-३.

मी तो पाच खोडून एक केला असता तर चार आवाजांना चुकीचं सांगितलं असतं. आल्टो तिथं सा वर निवांत बसली असती, तिला माहीतच नसतं की पुढच्या मात्रेला नि वर टेकायचंय.

१० नोव्हेंबर, रविवार

ते ६-५ ४-३ बसवलं. मार्कअपमधे हाताने रचायला गेले होते, पण दोन मात्रांवर पसरलेले आकडे आपापल्या स्वराखाली आणायला प्रत्येक ठिकाणी वेगळी ओढाताण करावी लागते. मग आठवलं की आकडी बाससाठी लिलीपॉन्डमधे वेगळी ओळच आहे, फिगर्ड-बास नावाची, सोळाशेच्या आसपास इटलीत ही पद्धत निघाली तेव्हापासून वादक बासखालचे आकडे वाचून कॉर्ड भरत आलेत. फिगरमोडमधे कोनी कंसात ६ ४ लिहून पाव स्वर, मग ५ ३ पाव स्वर. जिथं आकडे नकोत तिथं एस लिहून मात्रा रिकामी सोडायची. आकडे स्वरांखाली आपोआप नीट बसले.

त्याच्या खाली सरगमीची ओळ, तिथं एकच प, अर्ध्या स्वराचा, म्हणजे दोन्ही पाव स्वर त्याच्या पोटात. वर आकडे हलतात आणि खाली प एकच, मास्तर जे बोलले तेच पानावर आलं. यातले आकडे लिलीपॉन्ड स्वतःच्या अंकांच्या फॉन्टमधे छापतं म्हणून देवनागरीत येत नाहीत, त्याला हात लावला नाही, तालाचे आकडेसुद्धा तसेच छापले जातात, पोरांना सवय आहे.

ओळींची वरखाली मांडणी स्कोअरमधे ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने येते, बासची पट्टी, मग आकडे, मग सरगम. मी आधी उलटं लिहिलं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

बुधवारी मतदान, दिवसभर प्रचाराच्या गाड्या, खिडकी लावून बसले.

तिसरी चाल सा बदलते. जी मधे सुरू होते आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी डी मधे जाऊन टेकते, म्हणजे पांढरी पाचवरून पांढरी दोनवर. मास्तरांनी तिथं आकड्यांच्या दोन ओळी केल्यात. एक कॉर्ड दोन्हीकडं मोजता येतो, ई मायनर, जी मधे तो ध आणि डी मधे तोच रे. दार म्हणतात ना तसं, एका बाजूने ध म्हणून आत गेलो आणि दुसऱ्या बाजूने रे म्हणून बाहेर आलो. पानावर वरच्या ओळीत चौकटीतला ध आणि बरोब्बर त्याच्या खाली दुसऱ्या ओळीत चौकटीतला रे, तिथून पुढं वरची ओळ बंद आणि खालची चालू.

दुसऱ्या ओळीच्या डाव्या बाजूला नवा सा कोणता ते लिहायचं होतं. त्याला एक छान जागा सापडली, स्तोत्राच्या कडव्याला नंबर द्यायला स्टँझा नावाची सोय असते, १, २ असं शब्दाच्या आधी छापायला. तिच्यात "सा = पांढरी दोन" असं घातलं, पहिल्या अक्षराच्या डावीकडं नीट बसलं. पेटीवाला पोरगा बघून म्हणाला, "हे कळलं मला, मी आत्ता वाजवतो." आणि वाजवलं.

त्याच्या पुढचा कॉर्ड ए मेजर. जुन्या सा ने बघितलं तर तो रे आहे, पण चौकट नसलेला रे. या सा मधे रे ला नेहमी चौकट असते, ती गेली म्हणजे म तीव्र झाला, सी चा सी शार्प. टेनरच्या ओळीत तो म॑ आहे आणि तोच सगळ्यांना नव्या सा कडं नेतो. कॉर्डखाली वेगळं काही लिहायची गरजच नाही पडली, चौकट नाही एवढंच पुरलं. टेनरवाल्यांना सांगितलं की तिथं भीत भीत नाही गायचं, तुमच्या त्या एका स्वराशिवाय चाल पलीकडं जाणार नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज सगळा दिवस दिसण्यावर गेला. चौकटी लहानमोठ्या येत होत्या, रे ला मात्रा वर जाते म्हणून त्याची चौकट उंच, ग ची बुटकी, आणि ओळ दात पडल्यासारखी दिसायची. बॉक्स आतल्या अक्षराच्या मापाने काढली जाते. अक्षराला आधी पॅड-टू-बॉक्सने ठरावीक जागा दिली आणि मग बाहेरून बॉक्स, आता रे ग ध तिन्ही एका मापाचे.

फॉन्टचं पण होतं. फॉन्ट सांगितला नाही तर लिलीपॉन्डच्या मूळ फॉन्टमधे देवनागरी नसल्यामुळे ते कॉम्प्युटरवर मिळेल तो उचलतं, माझ्या लॅपटॉपवर एक आणि भावाच्या कॉम्प्युटरवर दुसराच आला, तिथं सगळी ओळ रुंद होऊन स्वर लांब लांब गेले. लिरिक-टेक्स्टला फॉन्टचं नाव देऊन टाकलं, नोटो सेरिफ देवनागरी, तो दोन्हीकडं टाकला. पीडीएफमधे फॉन्ट आतच जातो, त्यामुळे छापायला देताना काळजी नाही.

वाक्य कुठं संपतं ते दाखवायला बासखाली आडवे कंस पण टाकून बघितले. त्यासाठी लेआउटमधे हॉरिझॉन्टल-ब्रॅकेट-एन्ग्रेव्हर जोडावा लागतो, मग स्टार्टग्रूप आणि स्टॉपग्रूप. दिसतात छान पण आकडे, सरगम, दोन ओळी आणि त्यात कंस, गर्दी झाली. काढून टाकले.

चार चाली पूर्ण. मास्तरांच्या रोमन आकड्यांची ओळपण फाइलमधे तशीच ठेवलीय, वेगळ्या नावाने, पानावर येत नाही पण आहे. जिथं पेन्सिल अगदीच गेलीय अशा तीन जागा पायपेटीवर वाजवून भरल्या आणि फाइलमधे टक्क्याच्या खुणेपुढं लिहून ठेवलं की हा कॉर्ड माझा अंदाज आहे, वहीतला नाही. टक्क्याच्या पुढचं लिलीपॉन्ड वाचत नाही, माणसाने वाचावं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मिडी (ऐकायला वाजणारी फाइल) काढून प्रत्येकाच्या फोनवर पाठवली, चार आवाजांच्या चार वेगळ्या आणि एक एकत्र. त्याच फाइलमधे मिडीची एक ओळ वाढवली की होतं.

१ डिसेंबर, रविवार

आगमनकाळाचा पहिला रविवार. उपासनेआधी तास-सव्वातास सराव. नवीन पानं वाटली आणि यावेळी मी काही समजावलं नाही, नुसतं म्हणलं की आधी सगळे मिळून खालची सरगम म्हणा, बासचा नाही कॉर्डचा स्वर, चौकट आली की आवाज थोडा आत घ्या. सा सा प ध ग ध प सा. चौदा जण एका आवाजात. मग चौघा बासवाल्यांना तीच धरून ठेवायला सांगितली आणि बाकीच्यांनी आपापला आवाज वर चढवला.

सोप्रानोकडं पळणारी दोन पोरं पहिल्यांदा आपल्या ओळीवर राहिली. दुसऱ्या ओळीत सुटली, परत धरली.

शेवटच्या ओळीला मी हात वर करून थांबवलं आणि आल्टोला प वरच्या दोन मात्रा दाखवल्या, ६-५ ४-३. मावशींनी चष्मा वर केला, पानावर बोट ठेवलं, सा म्हणल्या, थांबल्या, आणि नि वर उतरल्या. बास खाली प धरून होता. मग मान हलवत म्हणल्या, "हे असं आहे होय. मी इतकी वर्षं इथं सा च धरायची आणि मास्तर माझ्याकडं बघायचे."

त्यांनी ते अजून दोनदा म्हणून घेतलं, सगळे थांबले तेवढ्यासाठी.

रात्री मास्तरांना रेकॉर्डिंग पाठवलं. वहीतल्या अठरा चाली राहिल्यात. पुढची ई मायनरमधली आहे, तिथं सा लाच चौकट येणार आणि ग, ध, नि कोमल, म्हणजे अक्षराखाली कोमलची रेघ आणि बाहेर चौकट दोन्ही एकत्र. रेघ चौकटीला चिकटते का ते उद्या बघायचं.